सरत्या वर्षातील खेळांच्या बातम्या : जिंकण्याआधी खेळायला स्पर्धा तर हवी

पंचगंगाकाठ (धागालेखक)

८ डिसेंबर २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीगचे आयोजक यांच्यातील पंधरा वर्षांचा करार संपला. नव्या व्यावसायिक हक्कांसाठी महासंघाने निविदा काढली होती. तिला एकही बोली आली नाही. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी देशातील सर्वोच्च लीग २०२५ चा डिसेंबर संपत आला तरी सुरू झाली नव्हती. करार संपल्यानंतर पाचव्या दिवशी लिओनेल मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आला, मान्यवरांच्या गराड्यात थोडा वेळ वावरला आणि निघून गेला. तिकिटासाठी हजारो रुपये मोजलेल्या प्रेक्षकांना तो नीट दिसलासुद्धा नाही, आणि मग खुर्च्या व बाटल्या मैदानात येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवरचा कार्यक्रम व्यवस्थित पार पडला, हेही नोंदवायला हवे. फुटबॉलपटूला नुसते पाहण्यासाठी या देशात एवढी गर्दी आणि एवढा पैसा जमतो, आणि त्याच आठवड्यात या देशातील फुटबॉलपटूंना मात्र खेळण्यासाठी लीग नसते, ही गोष्ट मला फार लागली.

गेले काही दिवस वर्षभराच्या क्रीडाबातम्या पुन्हा वाचत होतो. क्रिकेट, कुस्ती, नेमबाजी, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ अशा सगळ्या खेळांतील यशापयशाच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसू लागला आहे, आणि तो येथे सविस्तर मांडावा म्हणून हा धागा काढत आहे. आपण पदके मोजतो, विक्रम लक्षात ठेवतो, पराभवावर तावातावाने बोलतो. परंतु त्या खेळाडूला वर्षभर नियमित, वेळेवर आणि तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळायला मिळते का, हे क्वचितच विचारतो.

फुटबॉलचेच पाहा. १४ ऑक्टोबरला मडगावमध्ये सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरण्याची आपली आशा संपली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही आपण ०-१ असे हरलो. प्रशिक्षक खालिद जमील यांच्यावर टीका झाली, खेळाडूंवर झाली. लीगचा हंगाम थांबवल्याचे क्लबांना जुलैमध्येच कळले होते आणि काही क्लबांनी ऑगस्टमध्ये पगारही थांबवले होते, ही बाब त्या टीकेत कोठेच नव्हती. ज्यांच्या पायांना महिनोन्महिने स्पर्धात्मक सामन्यांची सवय राहिली नाही, त्यांनी दमून चुका केल्या तर त्यात नवल काय?

कोल्हापूरच्या माणसाला हे अधिक टोचते, कारण हंगाम म्हणजे काय हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. हिवाळा लागला की शाहू स्टेडियमवर केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनचा, हंगाम सुरू होतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस अशा संघांची नावे पेठेतील शाळकरी मुलालाही पाठ असतात, आणि उन्हाळ्यापर्यंत एका चषकामागून दुसरा चषक खेळवला जातो. मूळच्या कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल संघ उभे केले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवले, ही या शहराची मोठी कमाई आहे. सलग खेळायला मिळते म्हणून येथे खेळाडू घडतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतून पुढे गेला. पेठेतील लोक वर्गणी आणि पुरस्कर्ते मिळवून जे वर्षानुवर्षे सांभाळतात, ते राष्ट्रीय पातळीवर सांभाळता येऊ नये याचे वाईट वाटते.

आता याच्या उलट बाजूचे, या वर्षातील सर्वांत आनंदाचे उदाहरण. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि पाच बळी सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जने केलेल्या नाबाद १२७ धावा तर कोणी विसरणार नाही. साखळीत लागोपाठ तीन सामने हरल्यानंतर हा संघ उठून उभा राहिला. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावरील सांगलीच्या स्मृती मानधनाने या स्पर्धेत ४३४ धावा केल्या.

याच खेळाडू २०१७ मध्ये लॉर्ड्‌सवर अंतिम सामना अवघ्या नऊ धावांनी हरल्या होत्या. हरमनप्रीत, स्मृती आणि दीप्ती त्या संघातही होत्या. मधल्या काळात काय बदलले, याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे २०२३ मध्ये सुरू झालेली महिला प्रीमियर लीग आणि त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने जाहीर केलेले पुरुषांइतके सामना मानधन. एखादी एकोणीस वर्षांची मुलगी भरल्या मैदानात, दिव्यांच्या प्रकाशात, जगातल्या उत्तम गोलंदाजांसमोर दर वर्षी काही आठवडे खेळत असेल, तर अंतिम सामन्याचे दडपण तिला पूर्वीसारखे अनोळखी राहत नाही. येथे मला कोल्हापूरच्या अनुजा पाटीलची आवर्जून आठवण होते. २०१२ ते २०१९ या काळात ती भारताकडून आंतरराष्ट्रीय टी-२० सामने खेळली. तिच्या पिढीला अशी लीग मिळाली असती तर तिच्या फिरकीला आणखी किती धार आली असती, हा विचार मनातून जात नाही.

पुरुषांच्या क्रिकेटबद्दल मला थोडकेच म्हणायचे आहे. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटींत कोलकात्यात १२४ धावांचे लक्ष्य गाठता आले नाही आणि गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो. टी-२० सामन्यांची रेलचेल असलेल्या वेळापत्रकात कसोटी फलंदाजांना चार दिवसांच्या देशांतर्गत सामन्यांसाठी जागाच उरत नसेल, तर फिरत्या खेळपट्टीवर दिवसभर टिकून राहण्याची सवय लागणार कोठून? येथेही प्रश्न स्पर्धांचाच आहे. फक्त तो कमतरतेचा नसून चुकीच्या वाटणीचा आहे.

नीरज चोप्राच्या वर्षाकडे मी याच नजरेने पाहतो. मे महिन्यात दोहा येथे त्याने ९०.२३ मीटर भालाफेक करून नव्वदीचा टप्पा गाठला. सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पाठीच्या दुखण्यामुळे तो आठवा आला आणि त्याच स्पर्धेत सचिन यादव ८६.२७ मीटरसह चौथा आला. या दोन्हींच्या मधली जुलैतील बातमी मला सर्वांत मोठी वाटते. नीरजने बंगळूरमध्ये स्वतःच्या नावाने आंतरराष्ट्रीय दर्जाची भालाफेक स्पर्धा भरवली. भारतीय भालाफेकपटूंना आपल्या देशात, आपल्या प्रेक्षकांसमोर परदेशी खेळाडूंशी खेळता यावे यासाठी खुद्द ऑलिंपिक विजेत्याला पुढाकार घ्यावा लागला, याचा अभिमान वाटतो आणि खेदही वाटतो.

राहिला तो आपल्या जिव्हाळ्याचा विषय. २३ जुलै २०२६ पासून ग्लासगो येथे राष्ट्रकुल स्पर्धा होणार आहेत. खर्च आवाक्यात राहावा म्हणून त्यात फक्त दहा खेळ ठेवले आहेत, आणि त्या दहांमध्ये कुस्ती नाही, नेमबाजी नाही, हॉकी नाही, बॅडमिंटन नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे भारताने मिळवलेल्या ६१ पदकांपैकी १२ पदके एकट्या कुस्तीची होती. नेमबाजी तर तेव्हाच वगळलेली होती. त्याआधी २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथे आपल्या तेजस्विनी सावंत यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले होते. कुस्तीचे खासबाग मैदान असलेल्या आणि तेजस्विनी, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे नेमबाज देणाऱ्या जिल्ह्याला ग्लासगोच्या यादीत आपले दोन्ही खेळ सापडत नाहीत. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे नोव्हेंबरात ठरले आणि तेथे हे खेळ परततील अशी आशा आहे. पण आज बावीस वर्षांचा असलेला मल्ल तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. त्याच्या उमेदीच्या वर्षांत ही स्पर्धा त्याच्यासाठी नसल्यासारखीच आहे.

बुद्धिबळात नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलैत बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला. जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर या आपल्या दोन कर्णधारांच्या संघांनी तो जिंकला. खो-खोला जागतिक स्पर्धा मिळाली हीच मुळात मोठी गोष्ट आहे. ती ठरावीक काळाने पुन्हा भरत राहावी, एवढीच इच्छा.

आपापल्या खेळातील अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

---

लाल माती

पंचगंगाकाठ, नमस्कार. आपली तळमळ पटली. परंतु कुस्तीच्या बाबतीत आपण जे मांडले आहे ते मला अपुरे वाटते. पश्चिम महाराष्ट्रात मल्लाला खेळायला मिळत नाही अशी स्थिती मुळीच नाही. दिवाळी झाली की जत्रा-यात्रांची मैदाने सुरू होतात ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतला बरा मल्ल या काळात गावोगावी कुस्त्या करत असतो. मैदान कमिटी कुस्ती जोडते, इनाम ठरते, आणि त्या पैशांवर पोराचा दूध, तूप, बदामाचा खुराक चालतो. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा दुसरे उत्पन्न नसताना तालमीत आठ-दहा वर्षे राहू शकतो तो या मैदानांच्या बळावर, आणि म्हणून त्यांना कमी लेखू नये.

खरी अडचण अशी आहे की ही मैदाने मल्लाला एका दिशेने घडवतात आणि ऑलिंपिक त्याच्याकडून दुसरेच काही मागते. मैदानात मोठी कुस्ती वजनदार मल्लांची. महाराष्ट्र केसरीची गदा खुल्या गटाला, म्हणजे ८६ ते १२५ किलोच्या मल्लाला मिळते. त्यामुळे वस्तादांना आणि घरच्यांना वाटते की पोराने अंग भरावे. आता दुसरीकडे पाहा. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो गटात. अमन सेहरावतने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकले तेही ५७ किलोमध्येच. आपल्या तालमीत आज ५७ किलोचा चपळ मुलगा आला तर त्याला त्या वजनात ठेवून मॅटवर तयार करण्यात कोणाचा आर्थिक लाभ आहे? मैदानात त्याच्या कुस्तीला शेवटच्या पाच जोड्यांत स्थान मिळत नाही आणि इनामही तुटपुंजे असते.

दुसरे असे की या वर्षी फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. संघटनांमधील फुटीमुळे एका वर्षात दोन गदा दिल्या गेल्या. अहिल्यानगरच्या उपांत्य कुस्तीतील चितपटीच्या निर्णयावरून जो वाद झाला तो सर्वांनी पाहिला. त्यात मी जात नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की दोन्ही मल्लांनी घाम गाळला, दोघांनीही गदा कमावली, पण त्या गदेचे वजन संघटनांनी कमी केले. २०२२ मध्ये आपल्या पन्हाळा तालुक्यातील पृथ्वीराज पाटीलने एकवीस वर्षांनी ही गदा कोल्हापूरला आणली, तेव्हा गावागावांत मिरवणुका निघाल्या होत्या. आज दोन-दोन विजेते जाहीर झाल्यावर सामान्य प्रेक्षक तितक्या मनापासून घराबाहेर पडेल का?

वजनाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. सप्टेंबरात झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत अमन १.७ किलो जास्त भरला आणि न खेळताच बाद झाला. महासंघाने त्याच्यावर वर्षाची बंदी घातली आणि महिन्याभराने ती मागे घेतली. विनेश फोगटला पॅरिसमध्ये शंभर ग्रॅमने काय सोसावे लागले हे आपण विसरलेलो नाही. याच महिन्यात तिने निवृत्ती मागे घेऊन २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी तयारी करण्याचे जाहीर केले आहे, तिला माझ्या मनापासून शुभेच्छा. वजन उतरवणे हे शास्त्र आहे. आपल्याकडे अजूनही दोन दिवस पाणी तोडून आणि गरम कपड्यांत पळवून ते केले जाते. तालमींना वस्तादांइतकीच आहारतज्ज्ञांची गरज आहे, आणि हे सांगताना वस्तादांचा अनादर करण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

---

दहा पॉइंट नऊ

माझी मुलगी एअर रायफल खेळते, म्हणून नेमबाजीपुरते लिहिते.

ग्लासगोत नेमबाजी नाही याचे दुःख आहेच. पण लॉस एंजेलिसचा कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधील प्रवेशाची जागा, राष्ट्रकुल स्पर्धांतून मिळत नसतो. तो जागतिक आणि खंडीय स्पर्धांतून मिळतो. त्यामुळे ऑलिंपिकच्या तयारीवर ग्लासगोचा थेट परिणाम होईल असे मला वाटत नाही. देशांतर्गत स्पर्धांची साखळीही आमच्या खेळात बरी आहे. जिल्हा, राज्य, विभाग, मग मावळंकर स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा अशी चढण आहे, आणि ठरलेले गुण मिळवणाऱ्याला पुढे जाता येते. निवड समितीच्या मर्जीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही, हे या खेळाचे मला सर्वांत आवडणारे वैशिष्ट्य आहे. नोव्हेंबरात कैरोच्या जागतिक स्पर्धेत सम्राट राणाने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकले आणि ऐश्वर्य तोमरने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये रौप्य जिंकले, ते याच साखळीतून वर येऊन.

अडचण आहे ती साधनांची. मुले दहा मीटरवर छऱ्यांच्या रायफलने सुरुवात करतात, कारण छरे त्यातल्या त्यात परवडतात. स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात पॅरिसला कांस्य जिंकला, तो ५० मीटरचा प्रकार पॉइंट टू टू रायफलचा आहे. त्याची चांगली काडतुसे परदेशातून येतात, परवाना लागतो आणि सरावात ती भराभर संपतात. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत खेळायचे असल्याने सरावाला वेळही अधिक लागतो. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या मुलाने २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश घेतला, पुढे दीपाली देशपांडे यांच्याकडे शिकला, रेल्वेत नोकरी करत करत खेळला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह या प्रकारात भारताचे पहिले ऑलिंपिक पदक जिंकला. पंधरा वर्षे हा सारा आधार टिकला म्हणून ते पदक आले.

त्या अंतिम फेरीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर स्वप्नील सहावा होता आणि पालथ्या टप्प्यानंतर पाचवा. उभे राहून नेम धरणे हा तीनही स्थितींतला सर्वांत अवघड भाग, कारण शरीराला जमिनीचा आधार सर्वांत कमी असतो आणि श्वासाबरोबर नळी हलते. बहुतेकांचे गुण येथे घसरतात. तो मात्र येथेच वर चढला. मी मुलीला ती फेरी पुन्हा पुन्हा दाखवते आणि प्रत्येक शॉटनंतर त्याचा चेहरा बघायला सांगते. नऊच्या आतबाहेर एखादा शॉट गेला तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. तो रायफल खाली घेतो, श्वास सोडतो आणि पुन्हा सुरुवातीपासून सगळी मांडणी करतो.

माझी कळकळीची मागणी एकच आहे. कोल्हापुरात मुला-मुलींना शाळा सुटल्यावर रोज दोन तास, आपल्या वेळेची खात्री असलेली, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांची पुरेशी रेंज हवी. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. नेमबाजीत तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. राही २०१८ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. एका शहराच्या दोन मुलींनी असे पहिले मान मिळवले, तर तिसऱ्या मुलीला रेंजवर लेन मिळण्यासाठी ताटकळावे लागू नये.

---

मंगळवार पेठ

सॉल्ट लेकवर जे झाले त्यावर आपण दोन वाक्यांत लिहून पुढे गेलात. मला तेथे थांबावेसे वाटते. मेस्सी दिसला नाही म्हणून खुर्च्या मोडणे समर्थनीय नाही, आणि कोल्हापूरच्या फुटबॉलप्रेमींना हे अधिक ठामपणे सांगण्याची गरज आहे. आपल्या शाहू स्टेडियमवरही समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, कडक पोलीस बंदोबस्तात खेळवावे लागले आहेत आणि स्पर्धा मध्येच गुंडाळाव्या लागल्या आहेत. आपण लिहिता की हंगाम सलग असेल तर खेळाडू घडतात. मग तो हंगाम प्रेक्षकांमुळे तुटत असेल तर त्याची जबाबदारी प्रेक्षकांनीच घ्यायला हवी.

मी स्वतः एका संघाचा कट्टर समर्थक आहे आणि तो कोणता हे येथे सांगत नाही, कारण मुद्दा संघाचा नाही. सामना संपल्यावर मैदानाबाहेर होणारी हाणामारी त्या नव्वद मिनिटांत घाम गाळलेल्या पोरांच्या मुळावर येते. मुलांना मैदानावर पाठवताना आई-वडील कचरतात, पुरस्कर्ते मागे सरतात, आणि मुलींचे सामने पाहायला येणाऱ्या कुटुंबांनाही स्टँडमध्ये बसणे नकोसे होते. पेठेची ईर्ष्या गाण्यांत, घोषणांत, पताकांत जरूर असावी. पुढच्या जूनमध्ये विश्वचषक सुरू होईल तेव्हा ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे नेहमीप्रमाणे गल्लोगल्ली लागतील, त्याचीही मला आतापासून ओढ आहे. ती ईर्ष्या दगडापर्यंत जाऊ नये, एवढे आपण तालीम मंडळांच्या बैठकांत स्पष्ट बोलले पाहिजे.

---

परगावचा करवीरकर

उत्तम धागा. कसोटी क्रिकेटचा विषय निघाला म्हणून एका कोल्हापूरकराचे नाव येथे यायलाच हवे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम केवळ नऊ धावा दूर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. एवढे करूनही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. खेळाडूची तयारी आणि त्याला मिळणारी संधी यांतील अंतराचे याहून बोलके उदाहरण माझ्या माहितीत नाही.

एक शंका आहे. ग्लासगोचा ऑलिंपिकच्या तयारीवर परिणाम होणार नाही, असे वर 'दहा पॉइंट नऊ' यांनी लिहिले आहे. मग आपण त्या स्पर्धेबद्दल एवढे हळहळण्याचे कारण काय?

---

पंचगंगाकाठ (धागालेखक)

सर्वांचे आभार. 'दहा पॉइंट नऊ' यांनी कोट्याबद्दल दिलेली माहिती अगदी योग्य आहे. तरीही माझी हळहळ कायम आहे, आणि तिचे कारण नोकरीत आहे. महाराष्ट्र शासन आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना थेट नियुक्ती देते. राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाली, आपला जलतरणपटू वीरधवल खाडे तहसीलदार झाला. अशा नियुक्त्यांसाठी ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांबरोबर राष्ट्रकुल पदकही धरले जाते. कुस्ती आणि नेमबाजी ग्लासगोतून वगळल्यामुळे या दोन खेळांतील मुला-मुलींच्या हातून पोटापाण्याची एक वाट चार वर्षांसाठी गेली. शेतकऱ्याच्या घरात मुलाला तालमीत ठेवायचे की परत बोलवायचे याचा निर्णय अशाच गोष्टींवर होतो. शासनाने निकषांत या दोन खेळांसाठी आशियाई अजिंक्यपद किंवा तत्सम स्पर्धेतील पदकाला तात्पुरते राष्ट्रकुल पदकाचे स्थान द्यावे, अशी माझी सूचना आहे. जिल्ह्यातील संघटनांनी तसे निवेदन तयार केले तर मसुदा लिहून देण्याची माझी तयारी आहे.

'लाल माती' यांचा ५७ किलोचा मुद्दा वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो. येत्या १५ जानेवारीला खाशाबांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत आणि तो दिवस आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकला. १९४८ मध्ये लंडनला तो मॅटवर पहिल्यांदाच खेळला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जन्मशताब्दीच्या निमित्ताने हार-तुरे होतील, भाषणे होतील, ती व्हावीतच. त्याबरोबर एखाद्या मोठ्या मैदान कमिटीने यंदा ५७ आणि ६५ किलो गटांच्या कुस्त्या शेवटच्या जोड्यांत लावाव्यात आणि त्यांना खुल्या गटाइतके इनाम ठेवावे. त्या इनामासाठी आपल्या सदस्यांमध्ये वर्गणी काढायची असेल तर माझे नाव पहिले धरावे.

'मंगळवार पेठ', आपल्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. मुलींच्या सामन्यांचा उल्लेख आपण केलात, म्हणून एक बातमी जोडतो. जुलैमध्ये थायलंडमध्ये यजमानांना २-१ असे हरवून भारताचा महिला फुटबॉल संघ २०२६ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोरने केले. पात्रता फेरी खेळून ही मजल आपल्या मुलींनी पहिल्यांदाच मारली आहे. पुरुषांच्या दोन पराभवांवर जेवढी चर्चा झाली तिच्या दहाव्या हिश्श्यानेही या विजयावर झाली नाही. स्पर्धा मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आहे. गटात व्हिएतनाम, जपान आणि चिनी तैपेई आहेत, आणि पहिला सामना ४ मार्चला पर्थ येथे व्हिएतनामशी आहे. विश्वचषकाचे सामने आपण चौकाचौकांत मोठ्या पडद्यावर दाखवतो. तसाच हा सामना एखाद्या तालीम मंडळाने दाखवावा आणि शहरात फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना पहिल्या रांगेत बसवावे. आपल्या मंडळात हा विषय काढणार असाल तर येथे कळवावे, पडदा आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चाचे आपण मिळून पाहू.